वाटाडी

त्या वर्षी सुलान नदीत होडी चालवण्याइतकं पाणी उरलं नव्हतं, म्हणून मला काम नव्हतं. मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. आमचं गाव म्हणजे एकच लांबघर. एका छपराखाली ओळीनं बिऱ्हाडं, आणि सगळ्यांच्या दारांपुढून जाणारी एकच लांब ओसरी. त्या ओसरीवर बसून मी बिघाड नसलेली इंजिनं उघडायचो, पुसायचो आणि पुन्हा बंद करायचो. दुसरं करणार काय?

दक्षिणेकडची रानं पेटली होती. धूर रोज थोडा थोडा वर सरकत आमच्या खोऱ्यात येऊन बसला आणि मग हललाच नाही. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. भात पोटरीतच वाळला होता. आम्ही टॅपिओकाचा पाला आणि साबुदाण्याचा लगदा खात होतो, आणि डबक्यांत अडकलेले मासे संपेपर्यंत मासे.

माझ्या शेजारच्या बिऱ्हाडात माझा धाकटा भाऊ लवाई राहायचा. घरातला सगळ्यात चांगला नेमबाज आणि सगळ्यात जास्त बडबड्या. त्याची बायको पिंग पोटुशी होती, दिवस भरत आले होते. आधीची दोन मुलं तिची राहिली नव्हती. पाय सुजलेले, तोंड फिकट. तरी थट्टा करायची सोडत नसे.

"भाऊजी, त्या इंजिनाला इतकं पुसू नका, लाजेल ते," ती म्हणायची. "एकदाचं लग्नच करून टाका त्याच्याशी."

"आधी तुझ्या नवऱ्याला सांग, शिकार आणायला," मी म्हणायचो. "लग्नाला जेवण नको का?"

लवाई हसायचा; पण तिच्या पायांकडे बघितलं की त्याचं हसू मावळायचं. तिला मांस मिळायला हवं होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुष्काळ पडला की भात जातो आणि डुकरं येतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. रानातले झरे आटले की आमची दाढीवाली रानडुकरं पाण्याच्या मागे डोंगर उतरतात, कळपच्या कळप, आणि नदी ओलांडून पलीकडच्या रानात जातात. शिकाऱ्याला फार शोधावं लागत नाही. उताराशी, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागी, दबा धरून बसायचं. अंगावर चरबी मात्र नसते. पुढच्या वर्षी झाडं एकदम फुलतात, फळांचा सडा पडतो, आणि तीच डुकरं चालता येणार नाही इतकी माजतात. पण पुढचं वर्ष उजाडेपर्यंत जगायला हवं ना.

उताराशी बसण्याची एक रीत आहे. डुक्कर हा शब्द तिथे उच्चारायचा नाही. 'पाहुणे' म्हणायचं. आणि कळपाच्या पुढे जी असते, बहुधा म्हातारी मादी, ती वाटाडी. तिला हात लावायचा नाही. ती पार जाऊन पलीकडचा काठ चढली की मागची सगळी डोळे मिटल्यासारखी तिच्या मागे जातात, मग त्यातलं हवं ते घ्या. वाटाडी पडली तर कळपाला वाट राहत नाही. माझ्या मते यात साधं शहाणपण आहे. पुढचीला मारलं तर बाकीची उधळणार, आणि त्या वर्षी पुन्हा त्या उताराला येणार नाहीत.

घरातला सगळ्यात म्हातारा शिकारी बिलोंग आजा म्हणायचा, तेवढंच नाही. पण तेवढ्याशिवाय काय, ते सांगायचा नाही.

त्या सकाळी आम्ही तिघं घरापासून हाकेवरच्या उताराशी बसलो होतो. बिलोंग आजा, लवाई आणि मी. मी शिकारी नाही, काम नव्हतं म्हणून गेलो. नदीचं पात्र म्हणजे नुसते गोटे, मधोमध घोट्याएवढी धार. धूर इतका खाली उतरला होता की पलीकडचा काठ मधूनच दिसायचा, मधूनच जायचा. लवाई आमच्या पुढे, कातळाच्या आड.

आधी गोट्यांवर खुरांचा आवाज आला. मग धुरातून पाठी दिसायला लागल्या. इतकी हडकलेली जनावरं मी कधी बघितली नव्हती. तोंडावरच्या दाढ्या तेवढ्या मोठ्या वाटत होत्या.

"गेली," लवाई पुटपुटला, आणि त्यानं बार काढला.

एक मादी धारेत कोसळली. बाराच्या आवाजानं कळप उधळायला हवा होता. तो उधळला नाही. पुढची थांबली म्हणून मागची थांबली, एवढंच. आम्ही उठून ओरडत पुढे गेलो तेव्हा सगळी जनावरं सावकाश वळली आणि आमच्याच बाजूच्या झाडीत शिरली.

बिलोंग आजानं मादी उघडली. पोटात नदीची वाळू होती, दुसरं काही नाही. मग त्यानं काळीज हातात घेतलं. जुनी माणसं डुकराच्या काळजावरून पुढचं सांगतात. चर्चमध्ये जायला लागल्यापासून आम्ही ते बंद केलं आहे, म्हणजे पाद्रीबाबांसमोर बंद केलं आहे. आजानं ते दोन्ही बाजूंनी बघितलं, धुतलं आणि पानात गुंडाळलं.

"काय म्हणतंय?" लवाईनं विचारलं.

"ही वाटाडी होती."

"नाही आजा. वाटाडी पुढे गेली. मी बघितली ना. धुरातून पार गेली, समोरचा काठ चढली, मगच बार काढला मी. मला काय कळत नाही का?"

"चल, दाखव."

आम्ही पलीकडे गेलो. त्या काठाला एक झरा अजून पाझरत होता, त्यामुळे चिखलाचा एक पट्टा ओला होता. पार जाणाऱ्याला तो तुडवल्याशिवाय वर चढता येत नाही. त्यात खुराचा एकही ठसा नव्हता.

माणसाचं पाऊल होतं. एकच, उजवं, अनवाणी, काठाकडे तोंड केलेलं. ठशाच्या कडेनं पाणी अजून आत झिरपत होतं. त्याला करंगळी नव्हती.

लवाईच्या उजव्या पायाला करंगळी नाही. तरणा असताना इंजिनाच्या पात्यानं ती नेली. आमच्या घरातच काय, आजूबाजूच्या कुठल्याही घरात तसं पाऊल दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"तू कधी आला होतास इकडे?" आजानं विचारलं.

"आलो नाही."

"काल? परवा?"

"आजा, आलो नाही म्हणतोय ना!" लवाईचा आवाज चढला. थट्टा करण्याचं त्याला सुचलं नाही, यावरूनच मला तो घाबरल्याचं कळलं.

मला न सुटणाऱ्या गोष्टी आवडत नाहीत. मी कमरेची वेताची काडी काढली, ठशाच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली आणि चाकूनं खाच पाडली. मग लवाईचं पाऊल शेजारी ठेवायला लावलं. त्याचं पाऊल खाचेच्या बोटभर पुढे जात होतं. चिखल आकसला असेल, असं मी मनाशी म्हटलं. चिखल त्या जागी वाळलेला नव्हता हे मला दिसत होतं. काडी मी हत्यारांच्या पेटीत टाकली.

परत येताना आजानं मला मागे ठेवलं. "ज्याचं पाऊल पुढे गेलंय, त्याच्या मागे ती सगळी जनावरं जाणार," तो म्हणाला. "ती आता त्याची वाट बघतील. तुझ्या भावाला नदी ओलांडू देऊ नकोस. वाळलेली असली तरी."

"आणि ओलांडली तर?"

"वाटाडी परत येते का कधी?"

मांस रीतीप्रमाणे दारोदार वाटलं. डोकं शिकाऱ्याच्या घरी जातं. पिंगनं ते शिजवलं, त्याचं पाणी प्यायली आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला. "चरबी शोधायला चष्मा लागेल," ती म्हणाली, आणि हाडं चोखत राहिली. जबडा लवाईनं साफ करून दाराशी टांगला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्री भुंकली नाहीत. घर खांबांवर उभं आहे. सगळी कुत्री ओसरीखाली शिरून खांबांना अंग चिकटवून पडली होती. मी खाली बघितलं. नदीच्या पात्रात, घरासमोर, डुकरं उभी होती.

चरत नव्हती, उकरत नव्हती. पाणीही पीत नव्हती. एकामागे एक ओळ धरून उभी होती. ओळीचं टोक पाण्याच्या धारेशी होतं, शेपूट झाडीत. तोंडं सगळ्यांनी आमच्या ओसरीकडे वळवलेली.

पहिल्यांदा लोकांना आनंद झाला. दारात चालत आलेलं मांस कोण सोडतो? भाले घेऊन माणसं उतरली. डुकरं पळाली नाहीत. एक पडलं की मागचं एक पाऊल पुढे येऊन त्याची जागा भरायचं. थोडी मारून झाल्यावर माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मग वर आली. त्या मांसाला चव नव्हती. मीठ घातलं तरी लागायचं नाही. पुढे कुणी भाला उचलला नाही. बाया पाण्याला जायच्या त्या वरच्या अंगानं, लांबच्या वाटेनं.

ओळ रोज वाढत होती. मागची झाडीतून येऊन शेवटी उभी राहायची. काही उभ्या उभ्याच मेली. मेलेली पडायची, बाकीची तिथेच.

लवाईची बडबड बंद झाली. तो ओसरीच्या कठड्याशी बसून राहायचा. मी त्याच्याशेजारी इंजिन मांडायचो, म्हणजे लक्ष राहील. एके सकाळी मी पाना शोधायला आत गेलो आणि बाहेर आलो, तर तो जिन्याच्या मध्यावर. अनवाणी.

"कुठे निघालास रे?"

तो थांबला. पायांकडे बघत राहिला.

"दादा, मला जायचं नाहीये," तो म्हणाला. "पाय निघतात."

मी त्याला दंडाला धरून वर आणला. त्याच्या तळव्यांना नदीची बारीक वाळू लागली होती, बोटांच्या फटींतसुद्धा. जिना तर त्यानं अर्धाच उतरला होता. मला तेव्हा खरी भीती वाटली. इंजिन बंद पडतं तेव्हा कुठेतरी काहीतरी तुटलेलं असतं, आणि ते सापडतं. इथे काय तुटलंय ते मला सापडत नव्हतं, आणि माझा भाऊ माझ्या हातातून निसटत होता.

पिंगनं ते बघितलं होतं. ती दाराला टेकून उभी होती, एक हात पोटावर. "भाऊजी," ती म्हणाली, "ह्यांना बांधून ठेवा. मी सांगते म्हणून बांधा."

मी होडीच्या दोरानं त्याला खांबाला बांधलं. त्याचे पाय बसल्या जागी हलत होते, एकापुढे एक.

मी बिलोंग आजाकडे गेलो. "जुन्या काळी काय करायचे?"

"मारलेल्या वाटाडीचा जबडा घेऊन पलीकडे ठेवायचे. तोंड डोंगराकडे करून. ज्यानं मारली त्यानंच."

"दुसऱ्या कुणी ठेवला तर?"

"ते कुणी करून बघितलेलं नाही."

"मग मी बघतो," मी म्हटलं.

दुपार होती. दाराशी टांगलेला जबडा काढला तेव्हा पिंगला कळा सुरू झाल्या होत्या आणि बाया तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या होत्या. लवाई ओसरीच्या या टोकाला खांबाशी. पिंगची खोली त्याच्या बरीच पलीकडे, मागच्या अंगाला. मी जिना उतरलो.

ओळीच्या बाजूनं मी चाललो. इतक्या जवळून त्यांचा वास यायला हवा होता. आला नाही. धुराचा वास तेवढा होता. बरगड्या मोजता आल्या असत्या. पापण्यांवर राख साठली होती, आणि एकही जनावर पापणी हलवत नव्हतं.

मी त्यांच्या पुढून धार ओलांडली. जबडा चिखलाच्या पट्ट्यावर ठेवला, तोंड डोंगराकडे करून. त्या दिवशीचा पावलाचा ठसा अजून तिथेच होता. ओला.

मग मी वळून बघितलं.

कुणीही माझ्या मागे आलं नव्हतं. जबड्याकडे कुणी बघतही नव्हतं.

पलीकडच्या काठावरून मला पहिल्यांदाच त्यांच्या तोंडांचा रोख नीट दिसला. इतके दिवस आम्ही ओसरीवर उभे राहून बघत होतो आणि आम्हाला वाटायचं, ती लवाईकडे बघताहेत. ती लवाईकडे बघत नव्हती. ओसरीच्या मागे, पिंगच्या खोलीकडे बघत होती.

मला ओरडावंसं वाटलं.

घरातून मूल रडल्याचा आवाज आला.

सगळी ओळ एकदम वळली.

ती आली. माझ्या दोन्ही अंगांनी गेली. एकाचाही धक्का लागला नाही. चिखल तुडवत, जबडा तुडवत, काठ चढून डोंगरात गेली. बराच वेळ जात होती. शेवटचं गेल्यावर चिखलात ठसा कुठला आणि खूर कुठले, काही राहिलं नव्हतं.

मी परत आलो तेव्हा लवाई खांबाशी हसत होता. "दादा, सोड की रे! पोरगी झालीय म्हणे, आणि मी इथे चोरासारखा बांधलेला." त्याचे पाय शांत होते. लोकांनी माझी पाठ थोपटली. जबड्यानं काम केलं, असं सगळे म्हणाले. मी दोराच्या गाठी सोडत होतो.

पिंगनं मूल माझ्या हातात दिलं. "बघा भाऊजी, बापाचीच खूण घेऊन आलीय," ती कौतुकानं म्हणाली, आणि दुपट्याचा कोपरा बाजूला केला. इवलंसं उजवं पाऊल. त्याला करंगळी नव्हती.

सगळे हसले. लवाई तर ज्याला त्याला दाखवत सुटला. बिलोंग आजा मात्र हसला नाही. पात्यानं तोडलेलं बोट रक्तातून उतरत नाही, एवढं मलाही कळतं. त्याच आठवड्यात पाऊस आला, नदी भरली, आणि होड्या इतक्या धावायला लागल्या की मला जेवायलाही सवड मिळेना. पुढच्या वर्षी सगळं रान फुललं. डुकरं परत आली, चरबीनं डुलत. लोक विसरले. आजा गेला, आणि सांगायचं जे राहिलं होतं ते घेऊन गेला.

मुलीचं नाव उराई ठेवलं. मला लेकरू नाही; जीव लावायला तीच होती. शहरात सुटे भाग आणायला गेलो की मी तिच्यासाठी चपला आणायचो. मापासाठी ती वेताची काडी काढायचो. तिला वाटायचं, काडी चपलांसाठीच आहे. टाच एका टोकाला लावून ती पाऊल ठेवायची आणि पुढे दिसणाऱ्या खाचेकडे बोट दाखवायची.

"अजून किती राहिलं, काका?"

"वीतभर."

मग चार बोटं. मग तीन. आमचा तो खेळच झाला होता. ती हसायची, मीही हसायचो, आणि रात्री मला झोप लागायची नाही. तिला मी कधी उताराकडे फिरकू दिलं नाही. शिकारीच्या गप्पा निघाल्या की तिला काहीतरी कामाला लावायचो. शिकायला तिला शहरात पाठवा म्हणून लवाईच्या मागे लागलो तो मीच. "पोरीला घरातून हाकलायची भारी घाई तुला," तो चिडवायचा. मिरी शहरातल्या नर्सिंग शाळेत ती गेली तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

यंदा पुन्हा पाऊस नाही. नदीचे गोटे वर आले आहेत आणि दक्षिणेकडून धूर यायला लागला आहे. धुरानं शाळा बंद झाली म्हणून उराई घरी आली, होडी ओढत ओढत. मी निरोप पाठवला होता, येऊ नकोस म्हणून. तिनं ऐकलं नाही.

आज सकाळी ती माझ्याजवळ ओसरीवर आली. मी इंजिन पुसत होतो. तिनंच माझ्या पेटीतून काडी काढली, चपला बाजूला काढल्या आणि फळीवर पाऊल टेकवलं.

"बघा बरं, काका. या खेपेला काही राहिलंच नाही."

टाच टोकाला होती. अंगठा खाचेला. केसाएवढंही कमी नाही, जास्त नाही.

मी खाचेवर माझा अंगठा ठेवला. "अजून बोटभर आहे," मी म्हटलं.

"खोटं बोलता," ती हसली. काडी तिनं माझ्या मांडीवर ठेवली आणि कठड्याशी जाऊन खाली बघायला लागली. घरातली कुत्री सकाळपासून भुंकत होती. आता भुंकत नव्हती. एकेक करून ओसरीखाली शिरत होती.

"पाहुणे आलेत," उराई म्हणाली.

डुकरांसाठी हा शब्द तिच्यासमोर आम्ही कधीच उच्चारलेला नाही.

मी तिला हाक मारली. ती वळून माझ्याकडे बघून गोड हसली आणि जिन्याकडे निघाली. चपला तिनं पुन्हा पायात घातल्या नाहीत.